नेवासकर सरांची अमावस्या

कोजागिरीला आमच्या बिल्डिंगची गच्ची भरून जाते. पातेलंभर दूध, त्यात चारोळ्या, वर चंद्र आणि खाली अख्ख्या सावेडीतले डास. झाडून सगळे वर येतात. फक्त तिसऱ्या मजल्यावरचे नेवासकर सर खिडक्या लावून, पडदे ओढून घरात बसतात. आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी मला वाटलं, सुतक असेल. म्हणून दुधाचा पेला घेऊन मी त्यांचं दार वाजवलं. सरांनी पेला घेतला, माझ्या खांद्यावरून जिन्याच्या खिडकीकडे पाहिलं आणि विचारलं, "तो हॅलोजन आहे का अजून?"

"कुठला हॅलोजन?"

"तो. वर. निर्लज्जासारखा पेटलाय बघा."

चंद्राला शिव्या घालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. दूध मात्र त्यांनी सगळं प्यायलं आणि पेला विसळून परत दिला.

अमावस्येला याच्या बरोबर उलट. त्या दिवशी सर सकाळीच दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि जिन्यात जो भेटेल त्याला, "आज अमावस्या बरं का!" असं दिवाळी असल्यासारखं सांगायचे. पहिल्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले, त्यांनी हे एकदा ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दाराला लिंबू-मिरच्या लटकल्या. सरांचं तिकडे लक्षही गेलं नाही. त्यांचं सगळं लक्ष पंचांगात. लग्नाच्या तारखा त्यांना एखाद्या भटजीपेक्षा जास्त पाठ, कारण लग्न असलं की पलीकडच्या लॉन्सवाले आकाशात फिरते झोत सोडतात आणि सरांची रात्र वाया जाते. माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका हातात घेऊन ते खरोखर कळवळून म्हणाले, "बाई, वद्य पक्षात कशाला हो? शुद्धात काय वाईट आहे?"

मला सगळे बाई म्हणतात. शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, तेही निवृत्त. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही, आणि आता विचारायचं वय माझंही गेलं आणि त्यांचंही. आमचे हे सुप्याच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि त्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी झाले. तेव्हापासून सरांविषयीची प्रत्येक तक्रार आमच्याच दारात येते. सरांनी जिन्याच्या दिव्याला काळा कागद गुंडाळला. सरांनी गच्चीवरचा बल्ब काढून ठेवला. सर दुसऱ्या मजल्यावर जाऊन, "जरा पडदा ओढता का, तुमच्या ट्यूबचा उजेड वर येतो," म्हणाले. ह्यांनी सुरुवातीला समजावून पाहिलं. पुढे पुढे ते नुसते, "बघतो," म्हणायचे आणि पेपर वाचायचे.

हे सगळं कशासाठी? तर गच्चीच्या कोपऱ्यात सरांनी लोखंडी खांब रोवला होता आणि त्यावर त्यांची दुर्बीण होती. तिला कॅमेरा लावून ते आकाशगंगांचे फोटो काढत. आता आकाशगंगेचे फोटो मोबाईलवरही मिळतात, निळे, जांभळे, वॉलपेपरला लावावेत असे. सरांना तसल्या सुंदर आकाशगंगा नको असत. त्यांना हव्या असत आरडाओरडा करणाऱ्या.

म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा आमच्याच बिल्डिंगवरून समजावलं. "समजा, दुपारी बिल्डिंगमध्ये कोणाचा तरी मिक्सर लागलाय. खाली उभं राहिलं की आवाज येतो, पण कुठल्या घरातून? रेडिओ दुर्बिणीवाल्यांचं तसं आहे. त्यांच्या तबकड्यांना आकाशात एक एवढासा ठिपका सापडतो. ठिपका बारीक, पण रेडिओ लहरी अशा फेकतो की अख्ख्या आकाशगंगेला ऐकणार नाही. त्यांना आवाज मिळाला. पण घर? घर कोणी बघायचं? ते मी बघतो. साध्या उजेडात फोटो काढतो त्या घराचा."

"मोठ्या दुर्बिणीवाल्यांनी काढले नसतील का?"

"काढलेत की. पण त्यांना लाखो घरं आहेत, बाई. एकेका घरासमोर थांबायला त्यांना कुठे वेळ आहे?"

आवाज आला की घर सापडलंच पाहिजे, हे त्यांचं वाक्य. भाजीवाल्याची हाक आली तरी ते गॅलरीत येऊन कुठून आली ते बघत.

मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचा उत्साहही नव्हता. पण मग मी पडले. हिवाळ्याची सकाळ, ओलं बाथरूम, दुसरं काय होणार. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघं जण तीन मजले खाली आणायचे, आणि सर पुढे चालत, "डावीकडे घ्या, आता वळण आहे, बाईंचा पाय सांभाळा," असं ओरडत उतरायचे. दारादारांतून माणसं बघायची. आयुष्यभर ज्या बाईने वर्गात उभं राहून चाळीस पोरांना गप्प बसवलं, तिची अशी वरात. मला रडू यायचं आणि ते लपवायला पदर तोंडावर घ्यावा लागायचा, म्हणजे आणखीच लाज.

त्यानंतर डॉक्टरांकडे जाणं सोडलं तर मी खाली उतरलेच नाही. सकाळ व्हायची, दुपार व्हायची. हे भाजी आणायचे ती जून भेंडी आणि पिवळी मेथी. मला बाकी काशी-रामेश्वर काही नको होतं. खाली गाडीवर जाऊन स्वतःच्या हाताने मेथीची जुडी निवडायची होती, एवढंच.

त्याच दिवसांत सर एकदा दुपारी चार वाजता लॅपटॉप घेऊन आले. म्हणाले, "बाई, तुमचे डोळे मला उसने द्या."

त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की चित्रकलेच्या माणसाला करड्या रंगाच्या छटा जास्त दिसतात. ते खरं आहे. तीस-बत्तीस वर्षं मी पोरांना पेन्सिलीने छायाप्रकाश शिकवला आहे. सरांनी माझ्यासमोर एक फोटो उघडला. काळा फळा, त्यावर खडूचा ठिपका बोटाने पुसल्यासारखा एक धुरकट गोळा. "हे घर," ते म्हणाले. "आता मला सांगा, याच्या कडेला काही दिसतंय का? एखादी शेपटी, एखादा पदर?"

दुसरी आकाशगंगा जवळून गेली की ओढाताणीत हिच्यातल्या ताऱ्यांची शेपटी बाहेर खेचली जाते म्हणे. सरांचं मत असं की अशी कोणी जवळ आली की आतला तो बारीक ठिपका जागा होतो आणि ओरडायला लागतो. सगळ्या मोठ्या लोकांचं यावर एकमत नाही, हेही ते प्रामाणिकपणे सांगायचे. पण फोटो बघताना त्यांच्या तोंडून हटकून निघायचं, "कोणीतरी येऊन गेलंय इथे. नक्की येऊन गेलंय."

मग रोज चारला सर येऊ लागले. बेल वाजली की आमची सुमन आतूनच म्हणायची, "आलं तुमचं तारेवालं सर!" सुमन आमच्याकडे पोळ्या करते आणि सरांकडेही. ती चहा ठेवायची, कधी थालीपीठ लावायची. मी बघायचे, सर माझ्या तोंडाकडे बघायचे. दहातल्या नऊ वेळा मी म्हणायचे, "काही नाही हो, सर." ते म्हणायचे, "असं काय, पुन्हा बघा ना."

एकदा मात्र दिसली. गोळ्याच्या उजव्या अंगाला, फिकट, जराशी वळलेली, लांब शेपटी. मी म्हटलं, "सर, ही काय आहे?" सर खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. त्यांनी पुण्याच्या कोणा ओळखीच्या शास्त्रज्ञाला तिथल्या तिथे मेसेज टाकला. सुमन बाहेर येऊन बघून गेली, हेही आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी आकाशगंगेकडे चष्मा लावून पाहिलं. मला आणखी नीट बघायचं होतं म्हणून मी चित्र बाजूला सरकवलं. आकाशगंगा सरकली, शेपटी जागेवरच राहिली.

थालीपीठावरचं लोणी होतं ते. आधीचा फोटो बघताना, 'इथे का?' म्हणून मीच बोट लावलं होतं. सरांनी खिशातून रुमाल काढला, शांतपणे शेपटी पुसली, रुमालाची घडी केली आणि पुण्याला दुसरा मेसेज टाकला: 'ढगांमुळे खात्री नाही.' मग आम्ही इतके हसलो की माझा पाय दुखायला लागला.

हसू आलं म्हणून राग गेला असं मात्र नाही. कारण मधल्या काळात ह्यांनी लिफ्टचं मनावर घेतलं होतं. बिल्डिंगच्या बाहेरून सांगाडा उभारायचा, जिन्याला जोडायचा, सगळं ठरलं. घरोघरच्या सह्या झाल्या. राहिली एकच सही. लिफ्टचं यंत्र बसणार होतं ते गच्चीच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात, जिथे सरांचा खांब होता. तो खांब हलवला तरी भागणार नव्हतं, कारण सर म्हणायचे, लिफ्ट चालली की गच्ची थरथरते, आणि गच्ची थरथरली की तारे फराटे होऊन येतात. ह्यांनी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "एवढी एक आकाशगंगा होऊ दे, सेक्रेटरी. मग करतो सही."

एक झाली की दुसरी निघायची. पावसाळा आला, ढग आले, सरांनी चार वाजता जुन्याच फोटोंची उजळणी लावली. दिवाळी झाली, आकाश निवळलं, नवे फोटो आले. सही काही आली नाही. कंत्राटदार सांगून गेला की सांगाडा पुढच्या पावसाळ्याच्या आत उभा राहिला पाहिजे, नाहीतर आणखी वर्ष गेलं. हे वैतागून म्हणायचे, "तू सांग की त्यांना. रोज चहा पितात ना इथे?" मी सांगितलं नाही. म्हटलं, त्यांना दिसत नाही का, समोर वॉकर उभा आहे. कोणाकडे काही मागायचा मला भारी कंटाळा आला होता. सरांच्या पुढ्यात चहा ठेवायचा, त्यांची आकाशगंगा बघायची आणि मनातल्या मनात जळायचं, असा माझा हिवाळा गेला.

गुढीपाडव्याच्या आसपासची गोष्ट. सर आले, म्हणाले, "नवं घर सापडलंय. परवाच्या अमावस्येचं." फोटो उघडला. मी बघितलं. गोळा ओळखीचा नव्हता, पण मांडणी ओळखीची होती. दोन मोठे तारे, खाली तिरपा एक लहान, कोपऱ्यात तिघांचा घोळका. शाळेत दरवर्षी एखादं पोरगं थोरल्या भावाचा मोर खिडकीच्या काचेवर उलटा धरून गिरवायचं आणि आपला म्हणून द्यायचं. डाव्या हाताचा मोर उजव्या हाताला गेला तरी मोर तोच असतो, आणि मला तो दारातूनच ओळखू यायचा.

"सर," मी म्हटलं, "हे चित्र उलटवलंय. ही आपण पावसाळ्याच्या आधी बघितलेली आकाशगंगा आहे."

सर चहाचा कप बशीत नीट ठेवायचा प्रयत्न करत राहिले.

"आणि मागच्या आठवड्यातली? तीही अशीच?"

"तीही," सर म्हणाले. "दिवाळीपासूनच्या सगळ्या."

मग हळूहळू सांगितलं. वळवाच्या पावसात गच्चीवरची ताडपत्री उडाली, कॅमेऱ्यात पाणी गेलं. दुरुस्तीला पाठवला, तो तसाच परत आला. तेव्हापासून दुर्बीण झाकलेली आहे.

"मग अमावस्येला इस्त्रीचा शर्ट घालून वर जाता ते?"

"जातो. बसतो थोडा वेळ. उतरतो."

मला आधी वाईट वाटलं आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे गच्ची तुम्हाला लागतच नाही! जवळजवळ वर्ष झालं, लागत नाही. मग सही का अडवून धरलीत?"

सर खाली फरशीकडे बघत होते. कॉलेजात ज्यांचा दरारा होता असं ऐकलंय, तो माणूस पोरासारखा अंग चोरून बसला होता. म्हणाले, "लिफ्ट झाली की चार वाजता तुम्ही खाली असाल."

मला इतका संताप आला की काय सांगू. "अहो, मला खुर्चीत घालून खाली नेतात! तुम्हीच पुढे असता ना, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करत? वर्ष झालं मी या चार भिंतींत आहे. आणि तुम्ही, फोटो बघायला कोणी हवं म्हणून मला इथे कोंडून ठेवलंत? चालते व्हा, सर. आत्ताच्या आत्ता!"

ते उठले. लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली. दारात थांबून म्हणाले, "चुकलंच माझं, बाई." दार त्यांनी नेहमीसारखं हलक्या हाताने ओढून घेतलं. सुमन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी ह्यांना जिन्यात गाठून सही दिली. ह्यांना वाटलं, आपण केलेल्या पाठपुराव्याला यश आलं. मी त्यांचा तो आनंद राहू दिला.

पावसाच्या आत सांगाडा उभा राहिला. खांब कापायला माणूस आला तेव्हा, हे सांगत होते, सर उन्हात छत्री धरून तिथेच उभे होते, आणि काम झाल्यावर त्या माणसाला त्यांनी पाणी दिलं. गणपतीच्या आधी लिफ्ट सुरू झाली. पहिल्या दिवशी मी खाली गेले, गाडीवर मेथीच्या सगळ्या जुड्या उलट्यापालट्या करून एक निवडली. भाजीवाला म्हणाला, "लई दिसांनी आल्या, बाई," आणि मला तिथेच हुंदका आला. मग रोजच जायला लागले. खाली पारिजातकाशेजारी बाकडं आहे, तिथे दोघीतिघी जमायच्या. सुना, गुडघे, सिरियली, कशावरही बोलायचो. दिवस सरळ झाले.

सर मात्र आमच्याकडे आले नाहीत. भेटले तर नमस्कार करत, बाजूला होऊन वाट देत. लिफ्ट त्यांनी कधी वापरली नाही, पिशवी घेऊन जिन्यानेच चढायचे. मीही थांबवलं नाही. राग धरायला मला पूर्ण हक्क होता आणि तो मी बजावत होते.

मग एकदा पोळ्या लाटता लाटता सुमन म्हणाली, "सर लई वाळलं हायेत, बाई. दोनच पोळ्या करून घेत्यात, त्यातली एक ठेवत्यात सकाळसाठी. आन् चार वाजले की चहा मांडत्यात. दोन कप."

"दोन कशाला?"

"मला काय म्हाईत? मी इचारलं, तर म्हनलं, सवय हाय."

त्या दिवशी चार वाजता मी खाली जायला निघाले. लिफ्ट येऊन उभी होती. मी बटण दाबलं नाही. वॉकर वळवला आणि समोरच्या दारापर्यंत गेले. जायला काही वेळ लागला नाही. आमचं दार आणि त्यांचं दार, मध्ये एक पायपुसणं.

सरांनी दार उघडलं आणि बघतच राहिले. बनियनवर होते, घाईने शर्ट शोधायला आत पळाले. मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. एक टेबल, लॅपटॉप, भिंतीला टेकवलेली, चादरीत गुंडाळलेली दुर्बीण. सगळं स्वच्छ पुसलेलं. कोणी येणार असल्यासारखं नव्हे, कोणी येतच नसल्यासारखं. टेबलाशी खुर्ची होती, ती एकच.

"बाई, नवीन काही नाही हो," सर शर्टाची बटणं लावत म्हणाले. "कॅमेराच नाही."

"राग गेलेला नाही माझा," मी म्हटलं. "आधी सांगून ठेवते."

"हो. बरोबर आहे."

"जुनंच लावा. फक्त उलटवू नका."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले, वॉकर भिंतीला लावला. सरांनी लॅपटॉप उघडला, काळ्या पडद्यावर तो धुरकट गोळा आला आणि ते माझ्या मागे हात बांधून उभे राहिले, वर्गात उभं केलेल्या पोरासारखे. मी म्हटलं, "बसा की." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही, मी ठीक आहे."

मी बसल्या जागेवरूनच सुमनला हाक मारली. म्हटलं, आमच्याकडची एक खुर्ची इकडे आण.

सुमन खुर्ची घेऊन आली, खोलीभर नजर फिरवली, खुर्ची माझ्या शेजारी ठेवली. "परत कवा न्यायची?"

"न्यायची नाही," मी म्हटलं. "राहू दे इथेच."